वालुकाश्मातलं हाड

आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली, प्लास्टरात गुंडाळलेला एक दगड वर्षभराहून जास्त काळ पडून होता. मोडलेल्या हाताला डॉक्टर घालतात तसलंच ते प्लास्टर, फक्त कापडी पट्ट्यांच्या जागी गोणपाटाच्या पट्ट्या. आकारानं पालथ्या घातलेल्या मोठ्या पाटीएवढा. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला 'पेशंट' म्हणायच्या. कुणी पाहुणं आलं आणि त्यावर बसायला गेलं की त्या कॉटवरून ओरडायच्या, "अवं, त्येच्यावर नगा बसू! सुनंचा पेशंट हाय त्यो."

त्या दगडाच्या पोटात डायनोसॉरचं हाड होतं.

मी तेव्हा एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत होते. तासिकेवर, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये नवी नेमणूक आणि एप्रिलमध्ये नमस्कार. सोबत पीएच.डी. चालू होती. कोल्हापुरात राहून डायनोसॉरचा अभ्यास करायचा, हे ऐकून लोक हसायचे आणि त्यांचं बरोबरच होतं. आमच्याकडे जिकडे खणाल तिकडे काळा दगड लागतो, नाहीतर पन्हाळ्यावर आणि पश्चिमेकडे जांभा. काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात हाड सापडायचं नाही. हाडं, पानं, झाडांचे बुंधे हे सगळं सापडतं ते नदीनं आणलेल्या वाळूत, आणि तीच वाळू पुढे दाबून दाबून दगड होते. तो वालुकाश्म. डायनोसॉरांच्या काळातला असा वालुकाश्म आपल्या राज्यात बघायचा तर पार दुसऱ्या टोकाला, सिरोंच्याला जावं लागतं. प्राणहितेच्या काठचं जंगल, आणि त्या जंगलातल्या नाल्यांच्या काठांत उघडे पडलेले पिवळट-तांबूस थर. सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वी तिथंही नदीच होती.

माझे मार्गदर्शक सर तिथं उमेदीच्या वयापासून जात होते. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सर निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते, डाव्या डोळ्याला कमी दिसायचं. आयुष्यभरात त्यांना त्या थरांत झाडांचे दगड झालेले तुकडे भरपूर मिळाले, माशांचे खवले मिळाले, हाडांचे चुरे मिळाले. पण हे कुणाचं हाड, असं बोट ठेवून सांगता येईल असा एकही सांधा मिळाला नाही. ते कधी तक्रार करत नसत. फक्त एकदा एसटीत बसल्या बसल्या म्हणाले होते, "आपल्या हातून एक तरी नीट काहीतरी निघायला पाहिजे होतं गं."

ते निघालं त्या दिवशी सर नाल्याच्या वर सावलीला बसले होते आणि मी खाली काठाला टेकून डबा उघडत होते. डोळ्यासमोर, हातभर अंतरावर, पिवळ्या दगडातून तपकिरी रंगाचं काहीतरी आडवं बाहेर आलेलं होतं. वाळलेल्या लाकडाच्या ढलपीसारखं. मी हाक मारली. सर बसून, घसरत, हातापायांवर खाली आले. त्यांनी एक सुटलेली कपची घेतली, फुंकली आणि सरळ जिभेला लावली. आमच्या धंद्यात ही जुनी युक्ती आहे. हाडाला बारीक भोकं असतात, ते जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. कपची जिभेला लटकली. सर तशीच जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

परवानग्या घेऊन, आजूबाजूच्या दगडासकट तो अख्खा तुकडा आम्ही कापून काढला, प्लास्टरात बांधला आणि कोल्हापुरात आणला. विभागात आम्हाला दिलेली खोली त्या वर्षी दुसऱ्या कामाला घेतली होती. सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. म्हणून सर म्हणाले, तुझ्याकडेच ठेव, काम तुलाच करायचंय. असा पेशंट आमच्या घरी आला.

मी वरच्या बाजूनं प्लास्टरला खिडकी पाडली होती. कॉलेजातून आलं की भाकरी थापायच्या आधी तासभर त्यासमोर बसायचं. दाभण, दातांच्या डॉक्टरांकडची जुनी हत्यारं, ब्रश. वाळूचा एकेक कण सोडवायचा, उघड्या झालेल्या हाडाला पाण्यात न विरघळणारा पातळ डिंक पाजायचा, तो सुकू द्यायचा, मग पुढे जायचं. हाडाचा मधला दांडा निम्मा मोकळा झाला होता. पण दांड्यावरून एवढंच कळतं की हे हाड आहे. ते कुठल्या प्राण्याचं, हे सांगतं सांध्याचं टोक. आणि टोक अजून दगडाच्या आत होतं. बोटानं चाचपलं की आत फुगीर काहीतरी आहे हे जाणवायचं. माझी प्रबंधाची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. कॉलेजात कायम जागा निघणार असं चाललं होतं, आणि तिला पीएच.डी. लागणार होती. सगळं त्या टोकावर अडलेलं.

मग दोन हजार एकोणीसचा पूर आला.

आमचं घर नदीकडच्या उताराला असलं तरी दोन हजार पाचच्या पुराचं पाणी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबलं होतं, त्यामुळे गल्लीत कुणी फार घाबरलेलं नव्हतं. नवरा वारणानगरच्या दूध डेअरीत कामाला, तो तिकडेच अडकला. रस्ते बंद. फोनवर म्हणाला, "आईला सांभाळ, मी रस्ता उघडला की येतो." सकाळी पाणी गिरणीच्या पायरीला लागलं. मी भांडी माळ्यावर टाकली, गादी टेबलावर ठेवली, कागदपत्रं पिशवीत घातली. दुपारपर्यंत पाणी उंबऱ्यातून आत आलं. आवाज न करता आलं, सांडलेल्या चहासारखं फरशीवर पसरत.

आत्यांचा खुबा मोडून झाला होता. काठीनं मोरीपर्यंत जायच्या, तेवढंच. त्या कॉटवर बसून होत्या. मी पेशंटला हात घातला. एरवी दोन धडधाकट पुरुषांनाही जेमतेम उचलता यायचा, मला तो जागचा हलेना. खाली पाट सरकवून बघितला, विळ्याची मूठ तरफेसारखी घालून बघितली. पाणी घोट्याला आलं आणि प्लास्टरची खालची कड काळवंडायला लागली.

"कॉटवर ठीव त्येला," आत्या म्हणाल्या.

"तुम्ही कुठं बसणार?"

"मी बसतो की पाण्यात. मी काय इरघळणार हाय व्हय?"

मी नको म्हणायच्या आत त्या कॉटची कड धरून खाली उतरल्या, पाण्यात बसल्या आणि दोन्ही हात दगडाखाली घातले. सत्तरीची बाई, मोडका खुबा. "हं, लाव जोर!" म्हणून मलाच दटावत होत्या. आम्ही दोघींनी जोर लावला. एक बाजू वितभर उचलली. मग माझी बोटं आत गेली. भिजलेलं प्लास्टर खडूसारखं हातात सुटून आलं, गोणपाटाची पट्टी लोंबली आणि दगड परत खाली बसला. पाणी उडून आत्यांच्या तोंडावर आलं. आम्ही पुन्हा लावला जोर. पुन्हा. तिसऱ्या वेळी आत्यांच्या तोंडून असा आवाज आला की मी दगड सोडला आणि त्यांना धरलं. त्या रडत नव्हत्या, पण ओठ पांढरे पडले होते.

"न्हाय जमत गं," त्या म्हणाल्या. "मानूस बघ कुणी भेटतंय का."

मी दारात उभी राहून ओरडत सुटले. गल्लीतलं पाणी तोवर कमरेला आलं होतं. कुणीतरी हाकेला ओ दिली. पलीकडच्या गल्लीतले दोघेजण गुऱ्हाळातली काहील घेऊन माणसं काढत होते. काहील म्हणजे गूळ आटवायची ती भलीमोठी कढई. बोटी अजून आल्या नव्हत्या, तेव्हा कोल्हापूरकरांनी कढयांतून माणसं काढली. एकजण कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून काहील धरून होता, दुसरा आमच्या दारात आला.

"किती जण हायसा वैनी?"

"सासूबाई आहेत. चालता येत नाही. आणि एक दगड आहे."

"काय हाय?"

"दगड. दोघांनी उचलला तर वर टेबलावर तरी…"

"वैनी, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? पानी वाडाय लागलंय!"

"तो साधा दगड नाही. त्यात हाड आहे."

तो थबकला. आत्यांकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "कुनाचं?"

 कुणाचं, तेच तर मी शोधत होते. तो गोंधळला असावा. म्हणाला, "जित्या मानसाला आधी काढू या. मेल्यालं कुटं जात न्हाय."

आत्यांना आम्ही काहिलीत बसवलं. त्यांनी काहिलीची कड गच्च धरली होती आणि त्या माझ्याकडे न बघता घराकडे बघत होत्या. मी त्या माणसाचा हात धरून म्हणाले, एकच मिनिट, फक्त टेबलावर ठेवू. भला माणूस होता, आत वळलाही. तेवढ्यात बाहेरच्यानं हाक मारली की ओढ वाढलीय, काहील धरवत नाही. आम्ही निघालो. मागं वळून बघितलं तेव्हा पाणी प्लास्टरच्या खिडकीच्या कडेला लागलं होतं.

पूर उतरेपर्यंत आम्ही कळंब्याला नणंदेकडे होतो. तिकडे उंचावर सगळं कोरडं. लोक पोहे करत होते, पूरग्रस्तांसाठी भाकरी थापत होते. मीही थापल्या. हात चालू होते आणि डोक्यात एकच गोष्ट. तो दगड आमच्या काळ्या दगडासारखा नव्हता. वाळूचे कण एकमेकांना जेमतेम धरून होते. थोडी माती, थोडा चुना, तेवढाच काय तो जोड. कोट्यवधी वर्षं टिकला तो वर आणखी थरांचं ओझं होतं म्हणून. मोकळ्या पाण्यात आठवडाभर राहिला तर त्याची परत वाळू व्हायची. मी डिंक पाजलेला तेवढा भाग टिकला असता. टोकाला मी डिंक पाजला नव्हता, कारण टोक अजून उघडंच झालं नव्हतं.

सरांचा रोज फोन यायचा. ते दगडाबद्दल विचारायचे नाहीत. "सासूबाई बऱ्या आहेत ना? तुम्ही सगळे सुखरूप ना?" एवढंच.  

पाणी ओसरल्यावर आधी मी एकटीच घरी गेले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ढीग लागले होते. फुगलेल्या गाद्या, कपाटं, टीव्ही, पुस्तकांचा लगदा. वासानं मी नाकाला पदर लावला. आमच्या घराचं दार सताड उघडं आणि आत फरशी धुतलेली. चिखलाचा थेंब नाही. बाजूच्या मंडळाचे कार्यकर्ते घरोघर साफसफाई करत होते, स्वतःची घरं तशीच ठेवून. त्यांच्यातला एकजण पायपातून पाणी मारत होता.

"जावा आत निवांत वैनी, समदं साफ केलंय."

खिडकीखाली काही नव्हतं. फरशीवर फक्त एक फिकट गोल डाग.

"इथं एक पांढरं होतं," मी म्हणाले.

"त्ये सिमीटाचं पोतं? भिजून दगूड झाल्यालं? गेलं की डंपरात. लई जड, चौघांनी उचाललं." तो हसला. मग माझ्याकडे बघून त्यानं पाणी बंद केलं. "काय चुकलं काय वैनी?"

त्याच्या हाताची कातडी पाण्यानं पांढरी पडून सोललेली होती. मी नाही म्हणाले. मग धुतलेल्या फरशीवर बसले. तो बिचारा कुठून तरी चहाचा कप घेऊन आला आणि माझ्यासमोर धरून उभा राहिला.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "डंपर कुठं जातात?"  अर्ध्या तासात ते रिक्षानं गल्लीच्या तोंडाला आले, काठी, टोपी, गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग.

कसबा बावड्याच्या बाजूला, जिथं पुराचा कचरा टाकत होते, तिथं आम्ही गेलो. ढीग मी गल्लीतही बघितले होते, पण हा डोंगर होता. अख्ख्या शहरातली घरं पोटं फाडून तिथं ओतली होती. डंपर एकामागून एक रिकामे होत होते आणि जेसीबी त्यांना पुढे ढकलत होता. गेटावरच्या माणसानं विचारलं काय हरवलंय, मी सांगितलं, त्यानं हात जोडले आणि आत सोडलं. त्याला वाटलं असेल, पुरानं हिचं डोकं फिरलंय.

सर म्हणाले, "घाबरू नकोस. या गावात पिवळा दगड नाही. काळ्या दगडांत तो लपायचा नाही." दिवसभर त्यांनी हे वाक्य कितीतरी वेळा म्हटलं. पण चिखलानं सगळंच एका रंगाचं झालं होतं. आम्ही बाटलीतलं पाणी टाकून एकेक ढेकूळ धूत होतो. फरशीचे तुकडे, विटा, पाटा, जात्याची तळी. पांढरं दिसलं की मी धावायचे, तर ते छतावरचं प्लास्टर असायचं. एकदा एक तपकिरी तुकडा मिळाला, भोकाभोकांचा. मी तो पदराला पुसला आणि जिभेला लावला. त्या घाणीत. चिकटला. सरांना हाक मारली, त्यांनी भिंगातून बघितला आणि परत माझ्या हातात दिला. कौलाचा तुकडा होता. मी बाजूला जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. आमच्यासारखी आणखी एक बाई तिथं रोज यायची. पन्नाशीची, काठापदराचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात लोखंडी आकडा. ती ढिगातून फक्त लाकडी चौकटी ओढून काढायची, बघायची, टाकायची. एका दुपारी आम्ही शेजारी पाणी प्यायला बसलो.

"तुमचं काय गेलंय?" तिनं विचारलं.

"दगड."

ती हसली नाही. "देवाचा?"

"नाही. जुना आहे. पिवळा. त्यात हाड आहे. आणि तुमचं?"

"मालकाचा फोटू. एकच हुता. त्यास्नी जाऊन लई वरसं झाली, आता डोळं मिटलं की त्वांड दिसत न्हाय बगा मला. फोटू बगितला की मंग दिसायचं."

त्यानंतर आम्ही वाटून घेतलं. मला चौकट दिसली की मी तिला दाखवायचे, तिला पिवळं दिसलं की ती मला. सर प्रत्येक फोटो स्वतःच्या रुमालानं पुसून तिच्यासमोर धरायचे. लग्नातले, मुंजीतले, शाळेचे वर्गच्या वर्ग. "हे?" "न्हाय." "हे?" "न्हाय वो."

मग तो ढीग सपाट करून वर मुरूम टाकायचं ठरलं. रोगराई पसरेल म्हणून, आणि ते योग्यच होतं. जेसीबी आम्ही शोधत होतो त्या बाजूला वळला. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. काठी आडवी धरून.

"आजोबा, बाजूला व्हा की! लागंल!"

"एक दिवस थांब. एकच दिवस."

"माजी ड्यूटी हाय. सायेब माज्यावर वराडतोय."

"अरे, चाळीस वर्षं थांबलोय मी!" सरांचा आवाज फाटला. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "चाळीस वर्षं! तुला एक दिवस थांबता येत नाही?"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. खाली उतरला, सरांना धरून दगडावर बसवलं, आपली बाटली दिली. पण थांबणं त्याच्या हातात नव्हतं.  मी त्यांचे खांदे धरून उभी होते आणि मला स्वतःचीच शरम वाटत होती, कशाची ते कळत नव्हतं.

तेवढ्यात ती बाई पलीकडून ओरडली. "ओ बाई! ह्ये पिवळं हाय बगा!"

दोन नारळांएवढं ढेकूळ होतं. एका बाजूला गोणपाटाची कुजकी पट्टी अजून चिकटलेली. मी धुतलं. हातावरून पिवळी वाळू वाहून गेली आणि मधे हाडाचा दांडा दिसला, माझ्याच डिंकानं चकाकणारा. दोन्हीकडून तुटलेला. टोक नव्हतं. आम्ही तिघांनी हातांनी, आकड्यानं, काठीनं ती जागा उकरली. खाली चिखलात पिवळ्या वाळूचा एक पट्टा मिळाला, ओंजळीत घेतला तर बोटांतून गळून जाणारा. हाडाचे बारीक तपकिरी कण त्या वाळूत होते. तेवढंच. मागं जेसीबी पुन्हा सुरू झाला.

त्या बाईला तिचा फोटो मिळाला नाही. निघताना ती माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "तुमास्नी घावलं, बरं झालं." मला तिला सांगता आलं नाही की जे हवं होतं ते घावलं नाही.

तो तुकडा वाळवून आम्ही एका मोठ्या जाणकारांना दाखवला. त्यांनी फार आपुलकीनं, वेळ काढून बघितला. हाड नक्की आहे, डायनोसॉरचं असावं, पण टोकाशिवाय जास्त काही म्हणता येणार नाही. आम्हाला माहीतच होतं.

थंडीत सरांनी हट्ट धरला. जागेवर परत जाऊ, जिथून कापला तिथं आत आणखी काही असेल. घरच्यांचा विरोध होता. मी त्यांना नाही म्हणू शकले नाही आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं. मुदत संपत आली होती, दुसरं काही हातात नव्हतं. रेल्वे, मग एसटी, मग पुन्हा एसटी, मग जीप. सर वाटेत थकून झोपत होते आणि जागे झाले की नकाशा काढत होते.

नाला सापडला, जागा सापडली नाही. त्या पावसाळ्यात तिथंही पाणी चढलं असावं. काठ कोसळून नाला दुप्पट रुंद झाला होता आणि आम्ही जिथं बसून डबा उघडला होता तिथं नव्या वाळूचा उंच ढीग होता. मी हातोडी घेऊन उरलेल्या थराला भिडले. दगड फोडत गेले, दोन हात इकडे, दोन हात तिकडे. दगड झालेल्या लाकडाचा एक तुकडा निघाला, बाकी कोरडा पिवळा दगड. हाताला फोड आले, फुटले, हातोडीची मूठ ओली झाली. सर वरून बघत होते. त्यांना खाली उतरता येत नव्हतं. ऊन कलायला लागलं तसा जीपवाल्यानं हॉर्न दिला.

"पुरे आता," सर म्हणाले.

मी ऐकलं नाही. आणखी फोडत राहिले. मग रडायला लागले, मोठ्यानं, त्या मोकळ्या जंगलात. सर काठावरून काठी टेकत टेकत, घसरत, दोनदा पडत खाली आले आणि त्यांनी माझ्या हातातून हातोडी काढून घेतली.

"तू दुसरं काहीतरी कर," ते म्हणाले. "माझ्यासारखी वाट बघत बसू नकोस."

मला वाटलं होतं ते धीर देतील. त्यांच्याकडे तो उरलेला नव्हता. आम्ही दोघं एकमेकांना धरून वर चढलो, कोण कुणाला ओढत होतं कळत नव्हतं.

माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. ती कायम जागा निघाली आणि दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, लायक माणसाला. आता मी गडहिंग्लजच्या बाजूला एका शाळेत भूगोल शिकवते. सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळी येते. सर पुढच्याच वर्षी गेले, साधा ताप येऊन. आदल्या आठवड्यात मी भेटायला गेले होते, तेव्हा आम्ही पावसाबद्दल बोललो, त्यांच्या नातीच्या लग्नाबद्दल बोललो. दगडाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. उठताना त्यांनी माझा तळहात उलटा करून बघितला, फोडांच्या खुणा होत्या तिथं अंगठा फिरवला आणि हात सोडून दिला.

तो प्राणी कोण होता हे कळलं नाही. कळेल असं आता मला वाटत नाही.